पाव पानाचा यंत्रमानव

मामा सांगलीहून येतो तेव्हा पिशवीत भडंगाचा पुडा असतो आणि तोंडात कुठल्या तरी जुन्या नाटकातलं निम्मं वाक्य. या खेपेला पुडा ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्याने माझी पानं उचलली आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"हे काय? नुसत्या चौकटी. चित्रं कुठायत?"

"चित्रं मैत्रीण काढणार. मी संहिता लिहितेय. कुठल्या चौकटीत काय दिसतं, फुग्यात काय शब्द, पान कुठे उलटायचं, एवढंच."

"नायक कोण?"

"एक यंत्रमानव. 1977च्या 'स्टार वॉर्स'मध्ये तो येतो आणि बिघडतो."

"आणि?"

"आणि काही नाही. बिघडतो."

मामाने 'स्टार वॉर्स' पाहिलेला नाही. मी प्रसंग सांगितला. वाळवंट. भंगारवाल्यांचा डोंगराएवढा गाडा येऊन थांबलाय, यंत्रमानव रांगेत उभे. सिनेमाचा नायक लूक, त्याचा काका शेतकरी, हवेतून पाणी काढणारी त्याची शेती. त्याला दोन नग हवेत. एक सोनेरी उंच पसंत पडतो, तो सी-थ्रीपीओ. दुसरा बुटका, लाल-पांढरा, आर-फाइव्ह-डी-फोर. सौदा होतो, लाल चार पावलं घरंगळतो आणि डोक्यातून धूर. बंद. मग सी-थ्रीपीओ सुचवतो की तो निळा घ्या, चांगला आहे. निळा म्हणजे आर-टू-डी-टू, त्याच्या पोटात शत्रूच्या महाकाय तळाचे नकाशे. लाल धड निघाला असता तर निळा भंगारात परत गेला असता आणि सिनेमा तिथेच आटोपला असता.

"म्हणजे बिघडणं हेच त्याचं काम," मामा म्हणाला. "ते त्याने केलं. एक्झिट. आता त्याच्यावर किती पानं लिहिणार तू?"

"चोवीस."

करपल्याचा वास आल्यासारखं तोंड करून मामाने पानं खाली ठेवली.

मामाला या विषयात बोलायचा अधिकार आहे, हे आधी सांगायला हवं. चाळीस वर्षं त्याने हौशी रंगभूमीवर काढली आणि एकदाही नायक झाला नाही. चोपदार, हवालदार, टपालवाला, दुसरा गावकरी. पहिला गावकरीसुद्धा नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत घरातली लग्नं पुढे ढकलायला लावणारा माणूस आणि रंगमंचावर त्याची तीन वाक्यं. त्यामुळे किरकोळ पात्रांची बाजू तो घेईल असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला.

"लहान भूमिकेवर स्पॉट मारला ना," तो म्हणाला, "की ती आधी ओशाळते आणि मग भाव खायला लागते. चिठ्ठी आणून देणारा नोकर चिठ्ठी देताना रडायला लागला तर चिठ्ठी कोण ऐकणार? आमच्यात एकजण होता. नाव सोड. एका वाक्यासाठी यायचा आणि खांबाला टेकून उसासा टाकायचा. प्रेक्षकांना वाटायचं, याच्या मनात काहीतरी आहे. पुढचा अख्खा अंक लोक त्याची वाट बघायचे. तो काही येत नसे. नाटकाचं वाटोळं."

"पण म्हणजे लोकांना तो हवा होता!"

"लोकांना उसासा हवा होता. फरक आहे."

मी म्हटलं, हा लाल डबा आधीच दोघांनी हाताळलाय, त्यांचं काय म्हणशील? 1999मध्ये डार्क हॉर्स प्रकाशनाच्या 'स्टार वॉर्स टेल्स'च्या पहिल्या अंकात पीटर डेव्हिडने याच्यावर छोटी गोष्ट लिहिली. तिथे याचं नाव स्किपी आणि त्याला चक्क जेडायांची, म्हणजे त्या सिनेमातल्या योद्ध्यांची, दैवी शक्ती आहे. आपणच निवडले जावं म्हणून तो ती वापरतो. मग त्याला पुढचं अरिष्ट दिसतं आणि तो स्वतःच स्वतःला उडवून देतो. पुढे 2017मध्ये सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून चाळीस कथांचा एक संग्रह निघाला, सगळ्या कडेकडेच्या पात्रांच्या नजरेतून. त्यात रे कार्सनने हाच लाल घेतला. निळ्याची अडचण कळल्यावर तो जाणूनबुजून बिघडतो.

मामा हसायला लागला. "दोघांनी तेच केलं! झाला होता अपघात, यांनी करून टाकला त्याग."

"पहिली गोष्ट थट्टेची आहे, मामा."

"थट्टेतही हात तिकडेच गेला ना? अगं, रस्त्यात एसटी बंद पडली म्हणून आपल्याकडे लग्नं ठरलीत. तुझ्या मामीला मी मिरजेच्या स्टँडवर पहिल्यांदा पाहिलं, गाडी तीन तास लेट होती म्हणून. आता त्या गाडीला काय हुतात्मा म्हणायचं? तिने आमच्या संसारासाठी रेडिएटर फोडून घेतला?"

मला हसू आलं आणि रागही आला, कारण चोवीसातली सात पानं मी त्यागावरच खर्च केली होती. डेव्हिडची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही खूप हसले होते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र काहीतरी खटकलं होतं, ते काय ते मामाने आत्ता बोट ठेवून दाखवलं. एवढ्या मोठ्या विश्वाचं भवितव्य एका जुनाट सुट्या भागावर अवलंबून होतं, यातच त्या प्रसंगाची सगळी गंमत. तो भाग शहाणा निघाला की विश्व लहान होतं.

पण हे त्याला लगेच सांगितलं नाही.

"आणि परवानगी?" मामाने विचारलं. नाटकवाला शेवटी. लेखकाच्या पत्राशिवाय तालमीची सतरंजी अंथरायची नाही, हा त्याचा शिरस्ता.

"2012पासून मालक डिस्ने. आम्ही छापणार नाही, विकणार नाही. सरावासाठी चाललंय."

"सरावाला माझी हरकत नाही. पण दुसऱ्याच्या घरातला पाहुणा आपल्या दिवाणखान्यात आणून बसवायचा तर निदान त्या घराला विचारावं."

इथे मला माझी बाजू सापडली, कारण विचारण्यावरून मला 'प्लूटो' आठवलं.

ओसामू तेझुका हे जपानी कॉमिकचं मोठं घर. 1952 ते 1968 त्यांचा 'अ‍ॅटम' चालला, बाकीच्या जगाला तो 'अ‍ॅस्ट्रो बॉय' म्हणून माहीत. त्यात 1964-65मध्ये एक लांब प्रकरण आलं. एका सुलतानासाठी प्लूटो नावाचा राक्षसी यंत्रमानव बनवला जातो आणि जगातल्या सात बलाढ्य यंत्रमानवांना एकेक करून संपवायला निघतो. स्वित्झर्लंडचा माँब्लाँ, स्कॉटलंडचा नॉर्थ नंबर दोन, तुर्कस्तानचा ब्रँडो, जर्मनीचा गेझिश्ट, ग्रीसचा हरक्यूलिस, ऑस्ट्रेलियाचा एप्सिलॉन आणि जपानचा अ‍ॅटम. नायक अर्थातच अ‍ॅटम, बाकीचे खोडून टाकायची नावं. नाओकी उरासावाचा जन्म 1960चा. त्याने हे लहानपणी वाचलं आणि ते त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. मोठेपणी, स्वतः नामांकित झाल्यावर, तेच प्रकरण नव्याने काढायचं त्याने ठरवलं आणि तेझुकांच्या मुलाकडे, माकोतो तेझुकाकडे गेला. मुलगा आधी नाही म्हणाला. नंतर हो म्हणाला, पण अट घातली: वडिलांच्या चित्रांची नक्कल करायची नाही, हे तुझं कॉमिक व्हायला हवं.

"हं," मामा म्हणाला. तेझुकांचा पोरगा त्याला आवडला होता.

"2003 ते 2009, आठ खंड, नाव 'प्लूटो'. आणि उरासावाने नायक कोणाला केलं? अ‍ॅटमला नाही. गेझिश्टला. जर्मन पोलीस, मूळ कथेत मधेच मरणारा. इथे तो टक्कल पडायला लागलेला, थकलेला, बायकोला सुट्टीचं कबूल करून सतत पुढे ढकलणारा माणूस. माणूस म्हणजे यंत्रच, पण दिसायला माणूस."

"मग यात मरत नाही?"

"मरतो. नायक आहे तरी शेवटाच्या आधीच मरतो, कारण मूळ कथेत मरतो. उरासावाने त्याला वाचवलं नाही."

मामाने भडंगाच्या पुड्याची गाठ सोडली. मी यालाच तहाची बोलणी समजते.

"पण मला सांगायचंय ते दुसऱ्याचं," मी म्हटलं. "नॉर्थ नंबर दोन. तेझुकांकडे तो थोड्याच पानांचा पाहुणा. येतो, लढतो, फुटतो. उरासावा पहिल्याच खंडात त्याच्यासाठी थांबतो. स्कॉटलंडमधला एक किल्लेवजा वाडा. आत पॉल डंकन, म्हातारा, आंधळा संगीतकार, खडूस. यंत्रांचा त्याला तिटकारा. त्याच्याकडे हा नॉर्थ कामाला लागतो. गळ्यापासून जमिनीपर्यंत झगा, वर नुसतं डोकं दिसतं. झग्याखाली माणसासारखं अंग नाहीच, सगळी हत्यारं. युद्धात असंख्य यंत्रमानव मारलेला हा. आणि याला काय हवंय? पियानो शिकायचाय."

"का?"

"डंकनही तेच विचारतो. तर म्हणतो, पुन्हा रणावर जायचं नाहीये म्हणून."

मामा काही बोलला नाही.

"म्हातारा हाकलतो. म्हणतो, यंत्राने वाजवलेलं ते संगीतच नव्हे. पण तो झोपेत एक सूर गुणगुणतो आणि जागेपणी त्याला तो सापडत नाही. नॉर्थ तो सूर ऐकून ठेवतो आणि त्याचा माग काढत पार बोहेमियापर्यंत जाऊन येतो. आईने आपल्याला टाकलं, असं म्हाताऱ्याने आयुष्यभर मनात धरलेलं. ते तसं नव्हतं, हे नॉर्थ त्याला सांगतो. मग म्हातारा त्याला पियानोपाशी बसू देतो. आणि तेवढ्यात आकाशात काहीतरी येतं. नॉर्थ म्हणतो, लवकर येतो, मग शिकवा. झगा सोडून वर जातो. म्हातारा दारात उभा. आकाशातून त्याला तोच सूर ऐकू येतो. तो हाक मारतो, ये, सराव करायचाय."

पुड्यात हात तसाच राहिला होता.

"आता यातली खुबी बघ," मी म्हटलं, कारण बोलणं थांबवलं असतं तर मामाच्या डोळ्यांकडे बघावं लागलं असतं. "कॉमिकला आवाज नाही. आपल्याला आकाश दिसतं पण सूर ऐकू येत नाही. म्हाताऱ्याला सूर ऐकू येतो पण आकाश दिसत नाही. दोघांकडे अर्धं अर्धं आहे. हे नाटकात जमणार नाही, सिनेमात जमणार नाही. 2023मध्ये नेटफ्लिक्सवर याची मालिका आली, तिथे संगीत खरंच वाजतं. छान वाजतं. पण मग आपल्याकडे दोन्ही येतं."

मामाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मूळ कथेत याचं काय वाईट झालं होतं पण?"

"काय म्हणजे?"

"सात नावं आहेत आणि एक राक्षस ती खोडत चाललाय. पटपट. शाळेतली पोरं वाचतायत. त्यांना नॉर्थची ओळखसुद्धा होऊ न देता तो मारला, हाच तर धसका. बाँब पडतो तेव्हा ओळख करून घेत नाही. तेझुकांनी युद्ध पाहिलं असेल?"

"ओसाकावरची बाँबफेक. 1945. तेव्हा सोळा वर्षांचे होते, त्यातून वाचले."

"मग! त्यांना माहीत होतं किती पानं द्यायची ते. तुझ्या उरासावाने सुंदर केलं, मान्य. पण रडवलं. तेझुकांनी नुसतं भेदरवलं असणार. भेदरवणं अवघड."

हा मुद्दा मला आजही पुरता खोडता आलेला नाही. वर मी स्वतःच त्याच्या हातात आणखी एक कोलीत दिलं. सांगून बसले की तेझुका आपल्या पात्रांना नटांसारखं वागवायचे. एका कथेतला खलनायक दुसऱ्या कथेत डॉक्टर, तिसऱ्यात शिपाई, चेहरा तोच. त्याला स्टार सिस्टिमच म्हणतात.

"नाटक कंपनी!" मामा खुर्चीत सरसावला. "मग त्यांच्या लहान पात्राला स्पॉट कशाला हवा? त्याला पुढची भूमिका मिळणार. आम्हाला तेच हवं असायचं. माझ्या चोपदारावर नाटक लिहा असं मी कधी म्हटलं? पुढच्या वर्षी हवालदार द्या म्हटलं."

"पण मामा, उरासावाला कुणी सांगितलं होतं का नॉर्थचा विचार कर म्हणून? चार-पाच वर्षांच्या पोराने काही पानं बघितली आणि चाळीस वर्षं ती बाळगली. लेखकाने पात्र लहान लिहिलं, वाचकाच्या डोक्यात ते लहान राहिलं नाही. त्यात वाचकाचा काय दोष?"

"वाचकाने बाळगावं. छापायची काय घाई?"

"चाळीस वर्षांनंतर घाई?"

यावर तो हसला. भडंगातले शेंगदाणे वेचून खायची त्याची खोड आहे, ती सुरू झाली.

सगळीच उदाहरणं इतकी देखणी नाहीत, हे कबूल करायला हवं. अमेरिकेत आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने 2006पासून 'ट्रान्सफॉर्मर्स'ची एक मालिकाच काढली, नाव 'स्पॉटलाइट', एका अंकात एक यंत्रमानव. मामाला नाव ऐकूनच विजय मिळाल्यासारखं झालं. त्यातले बरेच जण मुळात खेळण्याच्या खोक्यामागे छापलेल्या चार ओळींपुरते जन्मले. 1984मध्ये बॉब बुडियान्स्कीने त्यातल्या बहुतेकांना नावं दिली आणि स्वभाव लिहिले: हा भित्रा, हा गर्विष्ठ, याला पृथ्वी आवडत नाही. चार ओळींवर उभं राहायला काही पात्रांना जमलं, काहींना नाही. मी सगळे अंक वाचलेले नाहीत, वाचायची इच्छाही नाही. खेळणं विकायला लिहिलेला स्वभाव आणि पियानोसाठी दारात थांबलेला नोकर यांना मी एका तागडीत घालणार नाही.

"तुमचे हे यंत्रमानव मुळात आमचे," मामा मधेच म्हणाला. "माहितीये ना? शब्दच नाटकातून आला."

"चापेक."

"कारेल चापेक. 1920चं नाटक, 'आर.यू.आर.' शब्द भावाने सुचवला, योसेफने, तो चित्रकार. चेक भाषेत रोबोता म्हणजे वेठ. धन्यासाठी फुकट राबायचं ते. आपला वेठबिगार. तर मला सांग, वेठबिगाराला काय हवं असतं? त्याच्यावर गोष्ट? त्याला सुटी हवी असते. तुझा तो लाल बिघडला, सुटला. तू त्याला चोवीस पानं परत कामाला लावतेस."

याने मात्र मी जागेवरच थांबले, कारण माझ्या संहितेतली चांगली पानं नेमकी बिघाडानंतरची होती. मी ती चौदाव्या पानाखालून ओढून काढली.

सिनेमात धूर निघाला की सगळे निळ्याबरोबर घरात जातात. लालकडे परत कुणी बघत नाही. तो भंगारवाल्यांच्या गाड्यात परत जातो आणि पुढे शत्रूचे सैनिक तो गाडा जाळतात, भंगारवाल्यांना मारतात. अलीकडच्या 'मँडलोरियन' मालिकेत लाल पुन्हा दिसतो, म्हणजे वाचला. मधलं मला लिहायचं होतं. विकला न गेल्यानंतरची त्याची पहिली रात्र. गाड्यात अंधार, बाकीचे न खपलेले नग, आणि हा, डोक्यावरची पत्र्याची टोपी उचकटलेली.

"याला चेहरा आहे?" मामाने विचारलं.

"नाही. एक दिवा आणि शिट्ट्या. म्हणूनच अडलेय. फुग्यात काय लिहू? शिट्टी?"

"काही लिहू नको."

"'प्लूटो'त सुरुवातीलाच एक आहे तसं. गस्तीवरचा एक साधा यंत्रमानव पोलीस मारला जातो. गेझिश्ट त्याच्या बायकोला कळवायला जातो. तीही यंत्रच, जुन्या घरकामाच्या बनावटीची. तिचा चेहरा हलतच नाही. उरासावा तोच चेहरा पुन्हा पुन्हा काढतो. रेषाही बदलत नाही. नवऱ्याच्या आठवणी पुसून टाकू का, असं गेझिश्ट विचारतो आणि ती नको म्हणते. चेहरा तोच. तिसऱ्या चौकटीपर्यंत आपण तिच्या तोंडावर दुःख बघायला लागलेले असतो, काढलेलं नसूनही. आणि गेझिश्ट या शब्दाचा जर्मनमध्ये अर्थच चेहरा."

"बोहाडा," मामा म्हणाला. "जव्हार-मोखाड्याकडे बघितलाय मी. लाकडी मुखवटे, भुवई हलायची सोय नाही. पण मान एवढीशी कलली की देव चिडला हे शेवटच्या रांगेला कळतं. तुझ्या लालची मान वळते?"

"टोपी गोल फिरते. पण आता उचकटलीय."

"मग अर्धवट फिरू दे. आणि अडकू दे."

मी ते लिहून घेतलं. लिहिता लिहिता, फार विचार न करता, विचारलं, "मामा, तुझी सगळ्यात लहान भूमिका कुठली रे?"

"निरोप्या. ऐतिहासिक होतं. 'सरकार, घोडे खाली आणलेत.' एवढंच."

"तो कुठून आला होता?"

"विंगेतून."

"खरं सांग."

त्याने दोन शेंगदाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. "पागेतून. रात्रभर तिथेच झोपलेला. पहाटे वहाणेचा अंगठा तुटला म्हणून डाव्या पायाने जरा ओढत यायचा. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, दुसरं मूल. त्याला त्या दिवशी लढाईला जायचं नव्हतं. घोडे खाली आणलेत म्हणताना त्याला वाटायचं, सरकारांनी नको म्हणावं."

"हे संहितेत होतं?"

"छे."

"दिग्दर्शकाने सांगितलं?"

"दिग्दर्शकाला माझं नावही धड आठवत नव्हतं."

"मग हे सगळं तू कधीपासून…"

"चौदा प्रयोग केले. चौदाही वेळा लंगडत आलो. का लंगडतोस म्हणून कुणी विचारलं नाही, तेच बरं झालं. विचारलं असतं तर पंधराव्या प्रयोगाला जास्त लंगडलो असतो." त्याने पानं पुन्हा हातात घेतली, त्यागाची सात काढून बाजूला उलटी ठेवली, मग राहिलेली मोजली. "ही टोपी अडकते ती चौकट केवढी ठेवणार आहेस?"

"अर्धं पान."

"पाव कर," मामा म्हणाला.